काचेतून पोटाशी

“बाळाला काचेत ठेवलंय.” फोनवर एवढंच कळतं आणि ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस अजून भरलेले नाहीत, आणि बाळ जेमतेम दीड किलोचं. पुढचे पंधरा दिवस, कधी महिना, सगळं घर त्या एका वाक्याभोवती फिरत राहतं. आजी रुग्णालयाच्या बाकावर जप करत बसते. बाप औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन जिने चढतो-उतरतो. आणि जिच्या पोटात ते बाळ कालपर्यंत होतं, ती बाळंतीण टाक्यांची कळ सोसत दुसऱ्याच मजल्यावर पडलेली असते. ठरलेल्या वेळी ती काचेपाशी येते आणि आपलं बाळ कोणतं, ते सिस्टरला विचारते.

ही काच अपरिहार्य आहे, असं वैद्यकशास्त्राने जवळजवळ शंभर वर्षं मानलं. नाजूक जिवाला जंतूंपासून आणि गारठ्यापासून वाचवायचं तर त्याला सगळ्यांपासून दूर ठेवायला हवं, आईपासूनसुद्धा. गेल्या चार दशकांच्या संशोधनाने ही समजूत एकेक वीट काढत पाडली. त्यातलं बरंच काम मुंबई, दिल्ली आणि हरियाणातल्या गावांत झालं आहे. तरीही आपल्याकडे दिवस भरायच्या आत झालेल्या बाळाच्या आईला “तुम्ही आत येऊ नका” असं अजूनही सांगितलं जातं. म्हणून हे संशोधन वॉर्डाच्या बाहेर, घराघरांत पोचायला हवं.

प्रश्न लहान नाही. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख एकट्या भारतातली होती, आणि दुसऱ्या कुठल्याही देशात इतकी नव्हती. दिवस भरूनही अडीच किलोच्या आत जन्मलेली बाळं यांखेरीज आहेतच.

अशा बाळाचा पहिला शत्रू गारवा. मोठ्या माणसाला जो उकाडा वाटतो, तोही दीड किलोच्या ओल्या बाळाला थंड वाटू शकतो. शरीर जितकं लहान, तितकी वजनाच्या मानाने त्वचा जास्त, आणि उष्णता निसटते ती त्वचेतूनच. अंगावरचं पाणी सुकताना उष्णता घेऊन जातं. गार वजनकाटा ती ओढून घेतो, पंख्याचा वारा पळवतो, आणि जवळची थंड भिंतसुद्धा स्पर्श न करता ती शोषत राहते. बाळाला कुडकुडता येत नाही. त्याच्या खांद्यांच्या पात्यांमध्ये आणि मूत्रपिंडांभोवती एक तपकिरी चरबी असते आणि ती जाळून ते ऊब निर्माण करतं. ही चरबी गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत साठते. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाकडे ती असते नसल्यासारखीच. मग ऊब टिकवायच्या धडपडीत रक्तातली साखर आणि प्राणवायू भराभर खर्च होतात, श्वास अडखळतो, दूध ओढायची ताकद उरत नाही. बाळाच्या शरीराचं तापमान साडेछत्तीस अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की ही घसरण सुरू होते. बाहेरून मात्र एवढंच दिसतं की बाळ शांत झोपलं आहे. घरची माणसंही म्हणतात, “गुणाचं आहे, रडत नाही.”

यावर पहिला यांत्रिक उपाय पॅरिसमध्ये निघाला. स्तेफान तार्निए या प्रसूतितज्ज्ञाने तिथल्या प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवायची पेटी पाहिली आणि १८८० च्या सुमारास तशीच पेटी बाळांसाठी करून घेतली. बाळं जगू लागली. पण त्याचा शिष्य प्येर ब्युदँ याच्या लवकरच लक्षात आलं की पेटीतल्या बाळापासून आई दूर राहिली की तिचं दूध आटतं आणि हळूहळू तिची ओढही कमी होते. म्हणून आयांना जवळ ठेवा, दूध पाजू द्या, असा त्याचा आग्रह होता. पेटी जगभर गेली. आग्रह मागे राहिला. अमेरिकेत तर मार्टिन कूनी नावाच्या माणसाने कोनी आयलंडच्या जत्रेत १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षं पेट्यांतली बाळं तिकीट लावून लोकांना दाखवली. आईबापांकडून तो एक पैसाही घेत नसे. तिकिटाच्या पैशांवर बाळांची शुश्रूषा चाले, आणि रुग्णालयांनी आशा सोडलेली हजारो बाळं तिथे वाचली. तरीही ते चित्र मनात राहतं. काचेपलीकडे बाळ, अलीकडे अनोळखी माणसांची रांग, आणि आई कुठेच नाही.

१९७८ साली कोलंबियाची राजधानी बोगोता इथे ही गोष्ट वळली. तिथल्या माता-बाल रुग्णालयात गोरगरीब बायकांची प्रचंड गर्दी असे. पेट्या कमी आणि बाळं जास्त, म्हणून एकाच पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं ठेवावी लागत आणि एकाचा संसर्ग दुसऱ्याला होई. आया घरी जात, आणि बाळ न्यायला काही जणी परत येतच नसत. महिनाभर ज्याला हातही लावू दिला नाही, ते मूल आपलं आहे असं त्यांना वाटायचं कसं? तिथले बालरोगतज्ज्ञ एडगार रे सानाब्रिया यांच्या वाचनात कांगारूची माहिती आली. कांगारूचं पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम एक ग्रॅमचं असतं, बिनकेसांचं, आंधळं. ते आईच्या पिशवीत शिरतं, आचळाला चिकटतं आणि पुढचे कित्येक महिने तिथेच वाढतं. रे यांनी विचार केला की पेटी नसेल तर आई आहे. जी बाळं स्वतःहून श्वास घेत होती, दूध गिळत होती, त्यांना त्यांनी आईच्या उघड्या छातीवर उभं बांधलं आणि आईच्या दुधावर ठेवून लवकर घरी पाठवायला सुरुवात केली. वर्षभरात डॉ. एक्तोर मार्तिनेस त्यांना येऊन मिळाले. या रीतीला पुढे ‘कांगारू मदर केअर’ हे नाव पडलं. आपल्याकडच्या वॉर्डांत सिस्टर आणि आया तिला नुसतं ‘केएमसी’ म्हणतात.

बातमी युरोपात पोचली ती चमत्काराच्या रूपात: गरीब देशातल्या डॉक्टरांनी यंत्राशिवाय मृत्यू रोखला. इथे संशोधनाची शिस्त कामी आली. व्हाइटलॉ आणि स्लीथ हे ब्रिटनमधले दोन संशोधक स्वतः बोगोताला गेले, आकडे तपासले आणि १९८५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी खोट दाखवली. पहिल्या काही दिवसांत दगावलेली बाळं हिशोबात धरलीच नव्हती. जी तगली त्यांनाच आईच्या छातीशी दिलं होतं, मग त्यांची जगण्याची टक्केवारी चांगली दिसणारच. टीका रास्त होती. पण बाळं शांत राहतात, आया बाळांना टाकून जात नाहीत, दूध टिकतं, या निरीक्षणांत तथ्य आहे हे त्यांनाही दिसलं. एखादी गोष्ट मनाला पटते म्हणून ती खरी ठरत नाही, आणि तिच्या पहिल्या आकड्यांत चूक निघाली म्हणून ती खोटीही ठरत नाही. ती नीट तपासावी लागते.

ते काम नाताली शार्पाक या फ्रेंच बालरोगतज्ज्ञ बाईंनी बोगोतात राहून केलं. १९९३ ते १९९६ या काळात त्यांच्या गटाने दोन किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या सातशेहून अधिक बाळांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाला आईची छाती, दुसऱ्याला नेहमीची पेटी. कोणाला काय मिळणार हे डॉक्टरच्या मर्जीवर नव्हतं, त्यामुळे ‘तगलेलीच निवडली’ हा आक्षेप आपोआप गळला. कांगारू गटातली बाळं पेटीतल्या बाळांपेक्षा कशातही मागे पडली नाहीत. रुग्णालयातला मुक्काम आणि गंभीर संसर्ग या दोन बाबतींत तर ती पुढेच होती.

त्याच सुमारास मुंबईत याच दिशेचं काम चालू होतं, आणि त्याची सुरुवात त्याहूनही जुनी होती. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात धारावीतल्या बायका बाळंत होत. तिथल्या नवजात विभागात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी बाळं संसर्गाने का जातात याचा शोध घेतला, तेव्हा बोट वरच्या दुधाकडे, बाटल्यांकडे आणि अपुऱ्या सिस्टरांकडे वळलं. एका सिस्टरच्या हातून अनेक बाळांना दूध पाजलं जाई आणि त्या हातांबरोबर जंतूही फिरत. त्यांनी बाटल्या बंद केल्या, डबाबंद दूध बंद केलं आणि आयांना विभागात आत घेतलं. बाळाला पुसणं, पाजणं, त्याच्यावर नजर ठेवणं या गोष्टी आईच करू लागली. जिला दूध नाही तिच्या बाळासाठी दुसऱ्या आयांचं दूध हवं, म्हणून २७ नोव्हेंबर १९८९ रोजी तिथे आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. आज शीव रुग्णालयाचं नाव निघालं की लोक दुग्धपेढीबद्दल बोलतात. आईला विभागाच्या आत घेण्याचा निर्णय मात्र फारसा कोणाला आठवत नाही, आणि मोलाने तो तसूभरही कमी नव्हता.

परळच्या केईएम रुग्णालयातही डॉक्टरांनी दोन किलोच्या आतल्या २०६ बाळांवर केएमसीची रीतसर चाचणी केली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये ‘इंडियन पीडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये आले. आईच्या छातीवरच्या बाळांचं वजन दिवसाला सरासरी २४ ग्रॅमने वाढलं, तर नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्या बाळांचं साडेपंधरा ग्रॅमने. अंग गार पडणं आणि साखर उतरणं यांचं प्रमाणही कमी निघालं. चोवीस ग्रॅम म्हणजे चार-पाच चमचे साखर, एवढंच वजन. पण दीड किलोच्या बाळाच्या आईला विचारा. रोज सकाळी काट्यावरचा आकडा ऐकायला तिचे कान कसे टवकारलेले असतात!

छातीवर असं होतं तरी काय? आधी ऊब. बाळंतिणीच्या स्तनांभोवतीची त्वचा बाळाच्या गरजेप्रमाणे तापते; बाळ गार पडू लागलं तर आईची छाती गरम होते. यंत्राला हे जमवायला सेन्सर लागतो, वीज लागते आणि वीज गेली तर जनरेटर लागतो. मग दूध. बाळाच्या स्पर्शाने, वासाने आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि पान्हा फुटतो. पहिल्या दिवसांचा पिवळसर चीक बाळाच्या पोटात जातो. अनेक घरांत हा चीक अजूनही ‘जड पडेल’ म्हणून पिळून टाकला जातो, आणि ते मोठं नुकसान आहे. जंतूंचा प्रश्नही इथेच सुटतो. बाळाच्या कातडीवर आणि आतड्यात कोणते ना कोणते जंतू वस्ती करणारच. आईच्या अंगावरच्या जंतूंशी लढायची तयारी तिच्या दुधातून बाळाला मिळालेली असते, तर रुग्णालयातल्या जंतूंवर औषधंही चालेनाशी झालेली असतात. पहिली वस्ती कोणाची होते, यावर बरंच अवलंबून आहे. शिवाय मुदतीआधी जन्मलेली बाळं मध्येच श्वास घ्यायला विसरतात. आईच्या छातीची वरखाली आणि हृदयाचे ठोके त्यांना जणू आठवण देत राहतात.

इतकं सिद्ध झाल्यावरही एक अडसर उरला होता आणि तो सर्वांत मोठा होता. केएमसी द्यायची ती बाळ ‘स्थिर’ झाल्यावर, असा नियम होता. ऑक्सिजनवर असलेलं, सलाईन चालू असलेलं बाळ आधी यंत्रांजवळ ठेवायचं, सावरलं की आईकडे द्यायचं. सावरायला तीन-चार दिवस, कधी आठवडा लागे. पण कमी वजनाची जी बाळं दगावतात, त्यांतली निम्म्याहून अधिक याच पहिल्या दिवसांत जातात. म्हणजे उपाय हाताशी होता आणि तो मृत्यूची घटका टळून गेल्यावर दिला जात होता.

हा नियम बरोबर की चूक, हे तपासायला जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतली पाच मोठी रुग्णालयं निवडली: घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत. भारतातलं केंद्र होतं दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. तिथे डॉ. हरीश चेल्लानी आणि डॉ. सुगंधा आर्य यांच्या गटाने काम पाहिलं. आंतरराष्ट्रीय समन्वयात डॉ. राजीव बहल होते. पुढे ते भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. नोव्हेंबर २०१७ पासून एक किलो ते १,७९९ ग्रॅम वजनाची ३,२११ बाळं या अभ्यासात घेतली गेली. एका गटात बाळ जन्मल्यावर साधारण सव्वा तासात आईच्या छातीवर गेलं. दुसऱ्या गटात नेहमीप्रमाणे, म्हणजे दोन दिवस उलटून गेल्यावर. पहिल्या गटातलं बाळ अतिदक्षता विभागात असतानाच दिवसाला साधारण १७ तास छातीवर असे, दुसऱ्यातलं दीड तास.

हे करायचं तर विभागच नव्याने मांडावा लागला. आई जर दुसऱ्या मजल्यावर, तर बाळ १७ तास तिच्या छातीवर कसं राहणार? म्हणून सफदरजंगमध्ये बाळाच्या शेजारी आईची खाट आली. तिचे टाके, तिचा रक्तदाब, तिच्या गोळ्या, सगळं तिथेच. बाळंतिणीची डॉक्टर आणि बाळाचा डॉक्टर एकाच खाटेपाशी येऊ लागले. ऑक्सिजनची नळी बाळाच्या नाकात आणि बाळ आईच्या छातीवर, हे दृश्य नित्याचं झालं. गर्दीच्या सरकारी रुग्णालयात हे घडलं, हे मुद्दाम सांगायला हवं. जागा नाही, माणसं नाहीत, शिस्त राहणार नाही, ही कारणं तिथेही होतीच.

जानेवारी २०२० मध्ये अभ्यास मुदतीआधी थांबवण्यात आला. आकड्यांवर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीला फरक इतका स्पष्ट दिसला की दुसऱ्या गटातल्या बाळांना आईपासून दूर ठेवणं नैतिकतेला धरून राहिलं नव्हतं. २८ दिवसांच्या आत नेहमीच्या गटात १०० पैकी जवळजवळ १६ बाळं गेली आणि लगेच छातीवर घेतलेल्या गटात १२. म्हणजे मृत्यू एक चतुर्थांशाने कमी. रक्तातला जंतुसंसर्ग आणि अंग गार पडणं, दोन्ही घटलं. दुसऱ्या शब्दांत, अशा साधारण २७ बाळांना लगेच आईकडे दिलं तर त्यांतलं एक बाळ वाचतं. हे निष्कर्ष मे २०२१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापले.

सगळे अभ्यास इतके सरळ निघाले नाहीत. युगांडातल्या पाच रुग्णालयांत दोन किलोपर्यंतच्या अस्थिर बाळांवर झालेल्या चाचणीत मृत्यूत लक्षणीय फरक पडला नाही. अपायही झाला नाही. रुग्णालय कसं आहे, बाळांची निवड कशी केली, प्रत्यक्षात किती तास मिळाले, यावर उत्तर बदलू शकतं, आणि हा शोध पुढेही चालू राहावा. पण एकूण पुराव्याचा कल पाहून नोव्हेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपला जुना सल्ला बदलला. ज्या बाळाला स्वतःहून श्वास घेता येत नाही किंवा जे वैद्यकीय अर्थाने ‘शॉक’मध्ये आहे, त्याचा अपवाद सोडला तर मुदतीआधीच्या आणि कमी वजनाच्या प्रत्येक बाळाला जन्मल्यावर शक्य तितक्या लवकर आईच्या छातीवर घ्यावं आणि दिवसाचे ८ ते २४ तास ठेवावं, असं आता तिचं म्हणणं आहे.

रुग्णालयाबाहेरचं चित्रही याच बाजूचं आहे. हरियाणातल्या फरिदाबाद आणि पलवल जिल्ह्यांत २०१५ ते २०१८ या काळात दीड ते सव्वादोन किलो वजनाच्या ८,४०२ बाळांवर अभ्यास झाला. प्रशिक्षित कार्यकर्त्या घरी जाऊन आईला बाळ कसं बांधायचं ते शिकवत. आयांनी दिवसाला सरासरी साडेअकरा तास बाळ छातीवर ठेवलं. पहिल्या महिन्यातले मृत्यू ३० टक्क्यांनी आणि सहा महिन्यांपर्यंतचे २५ टक्क्यांनी घटले. ना पेटी, ना वीज, ना तज्ज्ञ. घराच्या उंबरठ्याआत नवजात बाळ वाचवता येतं, हे महाराष्ट्राने त्याआधी वीस वर्षं पाहिलं होतं. गडचिरोलीच्या ३९ गावांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, आणि १९९५ ते १९९८ या तीन वर्षांत तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून जवळजवळ २६ वर आला. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाळाचं वजन आणि तापमान पाहायला दारात येते, त्या घरभेटींचं मूळ त्या कामात आहे. आईला केएमसी शिकवायला आशाताईपेक्षा योग्य माणूस कोण असणार?

हरियाणाच्याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली आणि ती आईच्या मनाची आहे. सुमारे १,९५० आयांना पहिल्या महिन्याच्या अखेरीस विचारण्यात आलं: झोप, भूक, रडू, निराशा, स्वतःबद्दलचे विचार. ज्या आयांनी बाळ छातीवर बांधलं होतं, त्यांच्यात मध्यम ते तीव्र नैराश्याची लक्षणं १०.८ टक्के जणींत आढळली, इतरांत १३.६ टक्के जणींत. फरक डोळे दिपवणारा नाही. पण आपल्या घरांत बाळंतिणीच्या नैराश्याला नावच नाही. ‘नाटकं करते’, ‘कोणाची तरी नजर लागली’, ‘आमच्या वेळी नव्हतं असलं काही’ एवढ्यावर बोळवण होते. लवकर बाळंत झालेल्या बाईच्या मनात अपराधाची टोचणी असते: आपण जड उचललं म्हणून झालं का, जिना चढलो म्हणून झालं का? त्यात ‘बाळ काचेत आहे, तुझं तिथे काही काम नाही’ असं कळलं की ती टोचणी पक्की होते. छातीवर बाळ आलं की तिच्या हाताला काम मिळतं. जगात दुसऱ्या कोणालाही करता येणार नाही असं काम. डॉक्टरही तिला विचारू लागतात, “आज कसं वाटतंय बाळ?”

आणि बाळाचं पुढे काय होतं? शार्पाक यांनी १९९३ ते १९९६ मधली ती बाळं वीस वर्षांनी पुन्हा शोधली. वीस वर्षांत माणसं घरं बदलतात, गावं बदलतात, तरी चारशेहून अधिक जण सापडले आणि त्यांतल्या १,८०० ग्रॅमच्या आत जन्मलेल्या २६४ तरुणांची तपासणी झाली. २०१७ मध्ये ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये आलेला तो लेख आकड्यांचा असूनही भारावून टाकतो. कांगारू गटातली मुलं शाळेत कमी गैरहजर राहिली होती, त्यांच्यात चंचलपणा आणि आक्रमकपणा कमी होता. जन्मतः सर्वांत नाजूक असलेल्यांत बुद्धिमत्तेतला फायदाही टिकून होता. त्यांची घरं अधिक मायेची आणि एकत्र राहिलेली होती. बापांनी सुरुवातीच्या दिवसांत बाळ छातीवर घेतलं होतं आणि ते पुढेही मुलांच्या जवळ राहिले. इस्रायलमध्ये रूथ फेल्डमन यांनी ७३ बाळांना फक्त १४ दिवस, रोज एक तास आईच्या छातीवर ठेवलं आणि मुलं दहा वर्षांची होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. त्यांची झोप, ताण सोसण्याची क्षमता आणि लक्ष एकाग्र करण्याची ताकद तुलनेच्या मुलांपेक्षा सरस निघाली. चौदा तासांची ऊब दहा वर्षं पुरली.

एवढं सगळं हाती असताना काच अजून का आहे? यातली बरीच कारणं खरी आहेत आणि त्यांवर आईला उपदेश करून भागणार नाही. ग्रामीण रुग्णालयात बाळंत झालेल्या बाईचं बाळ रुग्णवाहिकेतून जिल्ह्याच्या गावी जातं आणि ती मागे राहते. तिला त्याच गाडीतून, बाळ छातीशी बांधून का नेऊ नये? वॉर्डात टेकून बसता येईल अशी खुर्ची नसते. लोखंडी स्टुलावर सिझेरियनची बाई अर्धा तासही बसू शकत नाही. पुरुषांची ये-जा असते आणि आडोशाचा पडदा नसतो. घरी थोरलं मूल असतं, चूल असते, शेतावरची रोजंदारी असते. बाळाजवळ आठ तास बसायला आईला कोणीतरी मोकळं करावं लागतं. ते काम नवऱ्याचं आहे, सासूचं आहे, रोजगार बुडाल्याची भरपाई देणाऱ्या शासनाचं आहे.

आणि छाती काही आईचीच लागते असं नाही. ती थकली, आजारी पडली, जेवायला उठली, तर बाप किंवा आजीही बाळ घेऊ शकते. बापाला पान्हा नसेल, ऊब तर असते! समोरून बटणं उघडणारा सदरा घालून, दाढी-अंघोळ करून, हात धुऊन यावं, एवढंच वॉर्डात सांगतात. बाळाला फक्त लंगोट, टोपडं आणि पायमोजे. झबलं नाही, कारण कातडीला कातडी लागली पाहिजे. बाळ दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं, मान एका बाजूला वळवून किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून जुन्या मऊ सुती लुगड्याची पट्टी घट्ट बांधायची, आणि आईने पाठीशी उशी घेऊन रेलून बसायचं. घेतलं की निदान तासभर काढायचं नाही. उचल-ठेव करताना बाळ दमतं. आधीची पाच मिनिटं ते चुळबुळतं, मग श्वास एका लयीत येतो आणि मुठी सुटतात.

घरी गेल्यावर हे किती दिवस चालू ठेवायचं, असं आया विचारतात. वजन अडीच किलोच्या आसपास आलं की बाळाला बांधलेलं सोसत नाही. ते हात बाहेर काढतं, पायांनी रेटा देतं, घामेजतं, आत सरकवलं की रडतं. सिस्टर तेव्हा हसून सांगतात, “आता सोडा त्याला. झालं त्याचं काम.” मग पट्टी सुटते, आणि बाळ पहिल्यांदा दुपट्यावर, आईच्या कुशीत आडवं होतं.